फवारणीचे दिवस आणि अंगवळणी पडलेल्या सवयी

वऱ्हाडात पाऊस ओसरू लागला की कपाशीवरील फवारणीस वेग येतो. सन २०१७ च्या खरिपात याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अकोला व अमरावती जिल्ह्यांतही बाधित आढळले. त्या साली पऱ्हाटी पुरुषभर वाढली होती, उकाडा विलक्षण होता, जोरदार दाबाचे पंप वापरात आले होते आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारण्याचा प्रघात पडला होता. या माणसांनी विष प्राशन केले नव्हते. ते त्यांच्या अंगावर पडले होते व श्वासावाटे शरीरात गेले होते.

विष पोटात गेले तरच बाधते, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः फवारणाऱ्याच्या शरीरात ते मुख्यतः कातडीतून शिरते, आणि सर्व अंगाची कातडी सारखी नसते. पॅराथिऑन या जहाल औषधासंबंधी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसून आले की, हाताच्या कोपराखालील भागातून जेवढे विष आत जाते त्याच्या सुमारे चौपट कपाळातून जाते. काखेतून त्याहूनही अधिक, आणि जांघेजवळच्या नाजूक भागातून तर जवळजवळ सर्वच. औषधाने भिजलेल्या हाताने कपाळाचा घाम पुसणे, अथवा हात न धुता लघवीस बसणे, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी किती महाग पडतात हे यावरून ध्यानात येईल. पाठीवरचा पंप गळत असेल तर सदरा भिजून तो पाठीला व कमरेला चिकटून राहतो. अशा सदऱ्यानिशी दुपारपर्यंत काम करणारा मजूर दिवसभर विषाचा लेप लावून हिंडत असतो.

याहून घातक सवय तंबाखूची होय. दोन पंप झाले की धुऱ्यावर बसून तळहातावर तंबाखू-चुना मळावयाचा, अथवा खिशातील खर्रा काढून तोंडात टाकावयाचा, हा आपल्याकडील नित्याचा विसावा. ज्या हाताने औषध मोजले, ज्या बोटांनी नोझल उघडले, त्याच बोटांनी ती चिमूट तोंडात जाते व बराच वेळ गालात राहते. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु फवारणीच्या दिवशी त्याचा अपाय दहा-वीस वर्षे थांबत नाही. पुडी त्या दिवशी घरीच ठेवावी. नोझल अडकल्यास तोंडाने फुंकू नये. बारीक मऊ काडीने व पाण्याने ते साफ करावे.

आणखी एक गोष्ट शेतमजुरांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधे शरीरातील मज्जातंतूंचे कार्य आवरणारे एक विकर निकामी करतात, आणि ते पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. मालक आपल्या वावरात दोन दिवस फवारतो. मजूर आज या वावरात, उद्या त्या वावरात, असा महिनाभर फवारतो. पहिल्या दिवशी ज्या मात्रेने काही झाले नाही, तीच मात्रा आठव्या दिवशी त्यास खाली पाडू शकते. “मला सवय आहे, मला काही होत नाही,” हे बोलणे म्हणूनच फसवे आहे. मजुरांची पाळीपाळीने बदली करणे ही मालकाची जबाबदारी आहे.

हातमोजे, चष्मा, टोपी व पूर्ण बाह्यांचा पोशाख घालावा हे तर खरेच. तथापि ऑक्टोबरच्या उन्हात तो सोसवत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार खोटी नव्हे. त्यावर उपाय वेळेचा आहे: सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, वारा पाठीशी घेऊन काम करावे. पऱ्हाटी डोक्याबरोबर आली असेल तर तीत शिरून फवारणे टाळावे.

काम संपल्यावर साबणाने स्नान केल्याखेरीज जेवावयास बसू नये, की मुलांस जवळ घेऊ नये. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. ते बहुधा घरातील स्त्रियाच धुतात, आणि विष त्यांच्या हातांस लागते याचा विचार क्वचितच होतो. रिकामे डबे तेलापाण्यासाठी वापरू नयेत.

डोके दुखणे, भोवळ, मळमळ, अतिशय घाम, तोंडास लाळ सुटणे, डोळ्यांपुढे अंधारी, स्नायू फुरफुरणे, छाती आवळणे, यांपैकी काही जाणवल्यास ऊन लागले म्हणून कांद्याचा रस देत बसू नये. अंगावरचे कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी. मोनोक्रोटोफॉसच्या गटातील विषावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे, परंतु प्रत्येक औषधास तो लागू नाही. कोणते विष अंगावर पडले हे त्या चिठ्ठीवरून डॉक्टरांना तत्काळ कळते. दोन औषधे कालवली असतील तर दोन्ही डबे न्यावेत.