थंड समुद्रातील कास्थिमत्स्यांचा मुलूख

मुशी आणि पाकट कोकणच्या बाजारात नित्य दिसतात, म्हणून हे प्राणी केवळ उष्ण समुद्राचे रहिवासी असावेत, असा आपला समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांचा सांगाडा हाडांचा नसून कास्थींचा असतो, अशा या मत्स्यकुळाचा मुलूख थेट उत्तर ध्रुवाजवळच्या हिमाच्छादित सागरापर्यंत पसरलेला आहे, आणि त्यातील कोणत्या शाखेने कोठे वस्ती करावी, यावर पाण्याच्या तापमानाचा अंमल फार मोठा आहे.

आपली पाकटे पिल्लांना जन्म देतात. थंड किनाऱ्यांवर मात्र त्यांच्याच आकाराची, पण चिवट कोशात अंडी घालणारी स्केट नावाची मासळी विपुल आढळते. शीत जलात सर्व जीवनक्रियाच मंदावतात, त्यामुळे बेरिंग समुद्रातील अलास्का स्केटचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. उत्तर अटलांटिक व आर्क्टिक सागरांत संचार करणारी ग्रीनलंड मुशी तर याहूनही विलक्षण: तिच्या नेत्रभिंगाच्या परीक्षणावरून २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला की ती किमान २७२ वर्षे जगते, आणि मादीला प्रजननक्षम होण्यासच सुमारे दीड शतक लागते. उलट, अलास्काच्या किनाऱ्यावर सामन माशांचा पाठलाग करणारी सामन मुशी आपले शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार राखते व त्या बळावर थंडीतही चपळ राहते. पण हा अपवाद होय.

ही मंदगती निसर्गाच्या दरबारात दोष ठरली नाही. माणसाच्या जाळ्यांपुढे मात्र ती घातक ठरली. कॉमन स्केटचे पिल्लू जन्मतःच इतके मोठे असते की तळावरून ओढल्या जाणाऱ्या जाळ्यातून ते सुटू शकत नाही, आणि त्याला वयात येण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे एके काळी नावाप्रमाणेच सर्वत्र सापडणारा हा मासा आयरिश समुद्रातून जवळजवळ नाहीसा झाल्याचे कीथ ब्रँडर या शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये दाखवून दिले. अशा ठिकाणी नकाशावरची रिकामी जागा थंडीने किंवा खोलीने नव्हे, तर मासेमारीने निर्माण केलेली असते, हे प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे. पूर्वी याच नावाखाली मोजली जाणारी एक मोठी जात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉख सुनार्टपासून जुराच्या सामुद्रधुनीपर्यंतच्या पट्ट्यात, अद्याप टिकून आहे, आणि तिच्या रक्षणार्थ तेथे २०१६ पासून तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर सरकारी निर्बंध आहेत.