इकडे आड, तिकडे विहीर

रक्ताचे धर्म दोन. वाहिन्यांत त्यानें वाहत राहावें आणि जखम होतांच गोठावें. हा तोल ढळविणाऱ्या एका विकाराचें वर्णन लंडनचे डॉक्टर ग्रॅहॅम ह्यूझ यांनीं १९८३ सालीं केलें. त्यास अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. यांत शरीराचे रक्षकच घरभेदी होतात आणि रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरतात. नवल असें कीं, हेंच रक्त परीक्षानळींत गोठावयास उलट अधिक वेळ लावितें!

यावर मुख्य औषध वॉरफरिन. अमेरिकेंत १९४८ सालीं तें उंदरांचें विष म्हणून विक्रीस आलें व १९५४ सालीं रोग्यांसाठीं मान्य झालें. मात्रा कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव. म्हणून रक्ताचें आय.एन.आर. हें माप बहुधा २ ते ३ यांमध्यें राखतात. मेथी-पालक आज भरपूर आणि उद्यां मुळींच नाहीं, एवढ्यानेंहि तें हलतें. अंगदुखीची गोळी परस्पर घेतल्यास रक्तस्रावाचें भय वाढतें. कधीं रोगांतील प्रतिद्रव्यें मापासच फसवितात. गर्भास वॉरफरिन अपायकारक, म्हणून गर्भिणीस हेपॅरिनचीं इंजेक्शनें देतात.

वारंवार तपासणी नको, अशीं नवीं औषधें निघालीं. परंतु इटलींत तीव्र विकाराच्या रोग्यांवर चाललेली रिव्हरॉक्साबानची चांचणी, गुठळ्यांचे प्रकार अधिक घडल्यामुळें, २०१८ सालीं मुदतीपूर्वींच थांबवावी लागली.

तात्पर्य, शौचास काळें झालें किंवा हात एकाएकीं लुळा पडला, तर रोग्यानें तत्काळ डॉक्टर गांठावा. औषध मात्र आपल्या मनानें सोडूं नये, बदलूं नये.