मोजणी व्यवहारांची, उपेक्षा माणसांची

ठाण्याच्या टेंभी नाक्यापासून जांभळी नाक्याच्या मंडईपर्यंत भाजीच्या पाटीवर, फुलांच्या टोपलीशेजारी आणि वडापावच्या गाडीवर क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला दिसतो. गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरते, जवळचा लहानसा डबा जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगतो आणि व्यवहार पुरा होतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय यंत्रणेने ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात देशभर २,००० कोटींहून अधिक व्यवहार पार पाडले. त्यांतील प्रत्येकाची नोंद आहे. मात्र हे व्यवहार करणाऱ्या माणसांच्या जीवनात त्यामुळे काय पालट झाला, याविषयीची पद्धतशीर माहिती फारच तोकडी आहे.

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. भाजी विकणाऱ्या बाईचा गल्ला पूर्वी तिच्या कनवटीला असे. त्यातले चार पैसे घरच्यांच्या नकळत बाजूला टाकण्याची तिला मुभा होती. आता तो गल्ला खात्यात जमा होतो. ते खाते तिचे, नवऱ्याचे की मुलाचे? मोबाइल रात्री कोणाच्या उशाशी असतो? व्यवहारांच्या आकडेवारीत याचे उत्तर सापडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्त्री स्वतः वापरते असा मोबाइल तिच्याजवळ आहे काय, असे १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांना विचारण्यात आले, तेव्हा होकार देणाऱ्या सुमारे ५४ टक्केच निघाल्या. घरात मोबाइल असणे आणि बाईच्या हाती मोबाइल असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

हा भेद विसरला की काय होते, हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. तीत लाभार्थी स्त्रीबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागण्यात आली. ज्यांचे पती व वडील हयात नाहीत, अशा स्त्रियांनी ओटीपी आणायचा कोठून? पुढे अशांसाठी वेगळी सोय करावी लागली आणि मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. आधी काही वस्त्यांतून साधी पाहणी झाली असती, तर ही अडचण योजनेच्या कागदावरच दिसली असती.

अशा अभ्यासाची परंपरा आपल्याकडे नाही, असेही नाही. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यास उभ्या राहिलेल्या गोखले संस्थेने १९३५ मध्ये मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. ती गाडगीळ व गोगटे यांनी केली होती. मोटार हे त्या काळचे नवे यंत्रच होते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यापाड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग झाला, तेव्हा इस्रोने अभियंत्यांबरोबर समाजशास्त्रज्ञही कामाला लावले आणि काही खेड्यांत मानवशास्त्राचे अभ्यासक मुक्कामाला ठेवले.

आज पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोहिमेसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय रिसर्च फाउंडेशनकडे पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे राहावेत, अशी कल्पना मांडली गेली. या कायद्याने सामाजिक शास्त्रांना विज्ञान-तंत्रज्ञानाशी संबंध येईल तेवढेच दार उघडे ठेवले आहे. प्रस्तुत विषय तर नेमका त्याच उंबरठ्यावरचा आहे.

मोबाइल कंपन्या व पैसे पोहोचविणाऱ्या कंपन्या हे संशोधन स्वतःच्या पैशाने करीतच आहेत, मग सरकारने खर्च का करावा, असा आक्षेप घेतला जातो. परंतु गिऱ्हाईक अधिक वेळ कसे गुंतून राहील, हा कंपनीचा प्रश्न असतो. तो गुंतल्याने त्याच्या संसाराचे काय होते, हे तपासण्यात तिला लाभ नाही. शिवाय तिचे निष्कर्ष तिच्याच कपाटात राहतात. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन सर्वांसमोर येऊ शकते आणि त्याची फेरतपासणीही होऊ शकते.

म्हणून प्रत्येक सरकारी डिजिटल योजनेच्या खर्चातील रुपयामागे निदान एक पैसा अशा पाहणीसाठी राखून ठेवावा. १९६९ पासून कार्यरत असलेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि विद्यापीठे यांच्यामार्फत तो स्थानिक महाविद्यालयांना मिळावा. या कामाला महागडी यंत्रे लागत नाहीत. प्रशिक्षित विद्यार्थी, घरोघर जाण्याची चिकाटी आणि त्याच कुटुंबांकडे वर्षानुवर्षे परत जाता येईल एवढी निधीची शाश्वती लागते. ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या महाविद्यालयांना हे अवघड नाही. निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध व्हावेत आणि पुढील योजनेचा आराखडा कायम होण्यापूर्वी ते अधिकाऱ्यांच्या टेबलावर असावेत, एवढी अट मात्र त्याबरोबर असली पाहिजे.