आधी विहीर, मग धरण

पनवेलच्या देहरंग धरणाचा हिशोब या आठवड्यात मांडायचं ठरलं होतं, पण तो आता पुढच्या खेपेला. मध्येच अलिबाग तालुक्यातल्या नागावच्या एका वाचकांचा प्रश्न आला आणि तो बाजूला ठेववेना. त्यांच्या वाडीतली विहीर एप्रिलमध्ये मचूळ होते. शेजारची वाडी समुद्राला अधिक जवळ, तरी तिथलं पाणी पाऊस पडेपर्यंत गोड. असं कसं?

शेजाऱ्यांचा उपसा कमी असणार, हे पहिलं उत्तर. उपशाने एवढा फरक का पडतो, ते जमिनीखाली पाहिलं की कळतं. अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत किनाऱ्याला लागून पुळणीचा पट्टा आहे, खाली काळा कातळ. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे समुद्राकडून आत आलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. हॉलंडच्या बादोन गायबेन यांनी 1889 च्या सुमारास आणि जर्मनीच्या हर्झबर्ग यांनी 1901 मध्ये याचं प्रमाण स्वतंत्रपणे मांडलं: गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा 1 मीटर वर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी. म्हणजे पुस्तकी हिशोबाने पातळी वीतभर उतरली की खारं पाणी कालांतराने तीसेक फूट वर चढणार! नागावात त्याआधीच कातळ लागतो, त्यामुळे आकडा जसाच्या तसा घेऊ नये. धोका मात्र तोच.

या किनारपट्टीवरच्या, म्हणजे अष्टागरातल्या, वाड्या पूर्वी रहाटावर शिंपल्या जात. रेडा किंवा बैल गोल फिरायचा, माळेतले पोहरे थोडं थोडं पाणी वर आणून पन्हळीत ओतायचे, तिथून ते पाटाने सुपारीच्या बुंध्याशी. त्या संथ उपशात झऱ्यांना विहीर भरून काढायला वेळ मिळे. पंप तेवढंच पाणी भराभर ओढतो, पातळी एकदम खाली जाते आणि नेमकं विहिरीच्या तळाखालचं खारं पाणी वर फुगून येतं.

राज्याचा 2009 चा भूजल कायदा 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल मानून तिच्यावर बंधनं घालतो. मराठवाड्यात ते ठीक. पुळणीत जेमतेम 8-10 मीटरच्या विहिरीनेही समुद्र आत ओढता येतो, त्याचं काय?

इथे धरणाचा संबंध येतो. पाठ्यपुस्तकातला नियम असा, की नदी-धरणाचं पाणी मुबलक असेल तेव्हा ते वापरावं आणि भूजल उन्हाळ्यासाठी राखावं. कोकणात हा नियम निम्मा उलटा करावा लागेल. पावसाळ्यात धरणाचंच पाणी घ्यावं, ते नाहीतरी सांडव्यावरून वाहून जातं. ऑक्टोबर ते जानेवारी मात्र विहिरींनी भार उचलावा. भरलेली पुळण आणि उताराचा कातळ ते पाणी तसंही समुद्राला देऊन टाकतात. मार्चनंतर विहिरींना विश्रांती आणि नळाला धरण. आज घडतं याच्या बरोबर उलट. अलिबाग तालुक्यातल्या अनेक गावांना पाणी देणारं उमटे धरण गाळाने भरत आलेलं. उन्हाळ्यात त्यातलं पाणी कमी पडलं की सगळे विहिरी, बोअर आणि टँकरकडे धावतात, नेमके भूजल सर्वांत नाजूक असताना. साठवलेलं पाणी उन्हाने उडून जातं हा आक्षेप खरा आहे. पण ती तूट मोजता येते. खारावलेली विहीर पुन्हा गोड व्हायला किती पावसाळे लागतील, ते कोण सांगणार?

अ‍ॅमस्टरडॅमने हाच धडा महागात घेतला. 1853 पासून ते शहर किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतलं पाणी पीत आलं. उपसा वाढला तशी खाऱ्या पाण्याची धास्ती वाढली, तेव्हा 1957 पासून ऱ्हाईन नदीचं पाणी नळाने आणून त्याच वाळूत मुरवायला सुरुवात झाली. अलिबागला इतका खटाटोप नको. पाण्याच्या वेळा ठरवल्या तरी बरंच साधेल. अडचण अशी, की उमटे जिल्हा परिषदेकडे, विहिरी वाडीवाल्यांच्या आणि भूजलाच्या नोंदी तिसऱ्याच यंत्रणेकडे. हे तिघे एका टेबलावर कधी बसतात?

नागावच्या वाचकांनी तोवर एवढं करावं. पहाटे पंप लावण्याआधी वजन बांधलेली दोरी विहिरीत सोडून पाणी किती खोल आहे ते मोजावं, दोन तास उपसा झाल्यावर पुन्हा मोजावं आणि त्याच दिवशी शेजाऱ्यांच्या विहिरीचंही माप घ्यावं. प्रत्येक माप घेताना भरती आहे की ओहोटी, हेही पाहावं. भरतीला पुळणीतल्या विहिरीची पातळी थोडी वर येते आणि माप फसतं.