पदवी हातात, पहिली नोकरी कुठे?

निकाल लागतो, पेढे वाटले जातात, खाला आणि फुफी मुबारकबाद द्यायला येतात. मग सहा महिने जातात, वर्ष जाते आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकच विचारतो, "बेटा, कुठे लागलास का?" मुलगा मान खाली घालून आतल्या खोलीत निघून जातो. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीसीए किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेली अशी किती तरी मुले-मुली आज आपल्या मोहल्ल्यांत आहेत. आम्हा शिक्षकांना त्यांतली अनेक रस्त्यात भेटतात. आधी ती थांबून बोलायची, आता नजर चुकवतात.

या पदवीसाठी घराने काय काय केलेले असते, ते आपल्याला ठाऊक आहे. व्याजाचे कर्ज नको म्हणून कोणी आईच्या बांगड्या मोडल्या, कोणी गावाकडची जमीन विकली, कोणी आखातातल्या मामूंकडून पैसे घेतले. म्हणून नोकरी लांबली की दोष लगेच मुलावर जातो. तो देण्याआधी बाजारात काय घडले, ते समजून घेऊ या.

कोरोनाच्या काळात सगळे व्यवहार ऑनलाइन गेले. सॉफ्टवेअर कंपन्यांनी तेव्हा मोठ्या संख्येने नवी मुले घेतली. ती भरती बघून अनेक पालकांनी मुलांना या शाखेत घातले. पुढे अमेरिका आणि युरोपातील ग्राहकांनी हात आखडता घेतला. 2023-24 या एकाच आर्थिक वर्षात टीसीएसचे मनुष्यबळ 13,249 ने, इन्फोसिसचे 25,994 ने आणि विप्रोचे 24,516 ने घटले. तिन्ही मिळून जवळपास 64 हजार. जुलै 2025 मध्ये टीसीएसने आणखी सुमारे 12 हजार लोक कमी करण्याचे जाहीर केले, त्यांत मधल्या आणि वरच्या पदांवरचे लोक अधिक होते. म्हणजे अनुभवी माणसेही नोकरी शोधू लागली. त्यात नवख्यांना शिकता शिकता दिली जाणारी छोटी कामे, साधा कोड लिहिणे, चुका शोधणे, टेस्टिंग करणे, यांतली बरीच कामे आता एआयच्या मदतीने झटपट उरकतात.

यापुढे कंपन्यांची चाळणी सुरू होते. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्ही ठिकाणी 60 टक्के हवेत. विषय राहिलेला नको. शिक्षणात खंड नको. अमुक वर्षीच उत्तीर्ण झालेला हवा. अशा अटी अनेक ठिकाणी असतात. घरच्या अडचणीमुळे एक वर्ष वाया गेलेली हुशार मुलगी इथे पहिल्याच पायरीवर गळते.

आपल्या मुलांपुढे आणखी दोन अडचणी आहेत. पहिली ओळखीची. बऱ्याच कंपन्यांत आतल्या कर्मचाऱ्याने नाव सुचवले की अर्ज लवकर पाहिला जातो. ज्या घरात पदवीधर होणारे हेच पहिले मूल, त्याचे नाव सुचवणार कोण? दुसरी अडचण नावाची. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावांत होता. मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जापेक्षा बरीच कमी निघाली. ही गोष्ट मुलांपासून लपवू नये. तीन अर्ज परत आले तर "मीच नालायक" असे त्याने समजू नये. मात्र त्याच कारणाने घरी बसूनही राहू नये. कोडिंगच्या ऑनलाइन चाचणीत संगणक आधी उत्तर तपासतो. ती दारे जास्त ठोठवावीत.

काही बाबतींत मुलांनाही खडसावून सांगावे लागेल. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अनेक जण तयार विकत घेतात. मुलाखतीत "हा कोड असा का लिहिला?" एवढे विचारले की बोलती बंद होते. त्यापेक्षा स्वतःचे एक छोटे काम करावे. मोहल्ल्यातल्या किराणा दुकानाची उधारी नोंदवणारे अ‍ॅप, मदरशाच्या हजेरीचा कार्यक्रम, भिवंडी-मालेगावातल्या लूम कारखान्याचा सूत-कापडाचा हिशेब. काम लहान असो, पण त्याची ओळ न् ओळ स्वतःला समजावता आली पाहिजे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्यांनी तेच काम रोज दहा मिनिटे मोठ्याने इंग्रजीत सांगण्याचा सराव करावा. महिन्याभरात जीभ सैल होते, हे आम्ही वर्गात पाहिले आहे.

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हा फेरा तोडण्याचे काही मार्ग आहेत. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरांना कंपन्यांत व सरकारी उपक्रमांत विद्यावेतनासह प्रशिक्षण मिळते. त्याची नोंदणी 'नॅट्स' या सरकारी पोर्टलवर मोफत होते. राज्य सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात पदवीधराला दरमहा 10 हजार रुपये विद्यावेतन ठरले होते. आपल्या जिल्ह्यात सध्या कोणत्या योजनेत जागा आहेत, ते जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन विचारावे. 1988 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा पीजी-डॅक अभ्यासक्रम 'सी-कॅट' परीक्षेतून मिळतो. फी मोठी आहे, म्हणून त्या केंद्रातून मागच्या तुकडीतील किती जण नोकरीला लागले, ते आधी विचारावे. 'स्वयम्'वरील अभ्यासक्रम घरबसल्या फुकट शिकता येतात. बँकांच्या आयटी अधिकारी पदांच्या जाहिरातींवरही नजर ठेवावी.

पहिली नोकरी मोठ्या नावाचीच हवी, हा हट्टही सोडावा. सहकारी बँक, रुग्णालय, शाळा, वाहतूक कंपनी, प्रत्येकाला संगणकाचे काम येणारा माणूस लागतो. तिथले एक वर्ष रेझ्युमेवर अनुभव म्हणूनच लिहिले जाते.

फसवणुकीपासून फार जपावे. "मागच्या दाराने लावून देतो, दोन लाख द्या" म्हणणारे दलाल अशाच घरांच्या शोधात असतात. टीसीएससारख्या कंपन्यांनी नोकरीसाठी आपण पैसे घेत नाही, असे जाहीरपणे सांगितले आहे. नोकरीआधी पैसे मागितले की तिथेच थांबावे. मूळ गुणपत्रिका कोणाकडे ठेवू नयेत. बाँडवर सही करण्यापूर्वी तो जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. ऑनलाइन पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर तक्रार करावी.

शेवटी अम्मी-अब्बांना विनंती. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करू नका. मुलगी नोकरी शोधत असेल तर तिलाही मुलाइतकाच वेळ द्या. "सहा महिन्यांत नाही लागली तर निकाह" अशी मुदत घालू नका. पुण्यात खोली मिळत नाही, एकटी कशी राहील, या चिंता खऱ्या आहेत. त्यावर ओळखीचे घर, मुलींचे वसतिगृह किंवा घरून करण्याचे काम, असा काही मार्ग सगळ्यांनी मिळून शोधा.

आणि जे भाई-बहन आधीच कंपन्यांत आहेत, त्यांच्याकडून आमची एकच अपेक्षा आहे. महिन्यातून एका रविवारी आपल्या मोहल्ल्यात दोन तास बसा. चार मुलांचे रेझ्युमे पाहा, खोटी मुलाखत घ्या, लायक मुलाचे नाव कंपनीत सुचवा. त्यासाठी जागा हवी असेल तर शाळेचा एक वर्ग रविवारी उघडून देण्याची जबाबदारी आम्हा शिक्षकांची.