रात्रपाळी आणि पाळणाघर



पाळणाघर म्हटलें कीं सकाळीं उघडणारें व दिवेलागणीला बंद होणारें घर आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. पण परिचारिका, पोलीस शिपाई, एसटीची वाहक आणि पहांटे घाऊक बाजार गांठणारी भाजीवाली यांचा दिवस या घड्याळाप्रमाणें चालत नाहीं. त्यांचीं मुलें बहुधा थोरली मुलगी सांभाळते. अशा मुली पहिल्याच तासाला वर्गांत पेंगतांना मीं पाहिल्या आहेत.

कायद्याची वाटचाल पाहूं. १९४८ च्या कारखाना कायद्यानें स्त्री-कामगारांच्या ६ वर्षांखालील मुलांसाठीं खोली राखण्याचा दंडक घातला. परंतु त्यानेंच स्त्रियांना रात्रीचें काम सामान्यतः वर्ज्य केल्यामुळें रात्रीच्या पाळणाघराचा प्रश्न उद्भवला नाहीं. २०१७ सालीं प्रसूतिलाभ कायद्याच्या दुरुस्तीनें ५० वा अधिक नोकरांच्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि आईला दिवसांतून ४ वेळां मुलाकडे जाण्याची मुभा दिली. त्याच वर्षीं महाराष्ट्राच्या दुकानें व आस्थापना कायद्यानें, स्त्रीच्या संमतीनें व संरक्षणाच्या अटीवर, रात्रीं ९.३० नंतरच्या कामास वाट करून दिली. कामाचें दार रात्रीं उघडलें. पाळणाघराचें दार केव्हांपर्यंत उघडें असावें, याविषयीं मात्र त्या दुरुस्तीच्या कलमांत शब्द नव्हता. भाजीवालीला तर मालकच नाहीं.

येथें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचें स्मरण होतें. १९४५ सालीं बोर्डीस आरंभिलेलें बालशिक्षणाचें कार्य त्यांनीं पुढें कोसबाडला नेलें. धाकटीं भावंडें सांभाळावीं लागत म्हणून मुली शाळेंत येत ना. तेव्हां पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून त्यांनीं विकासवाडी उभारली. गुराख्यांसाठीं शाळाच कुरणांत नेली. संस्थेनें माणसाच्या वेळेला जुळवून घ्यावें, हें त्यांतील तत्त्व होय.

रात्रीचें पाळणाघर म्हणजे दिवसाच्या पाळणाघराचे तास वाढविणें नव्हे. तेथें शिकविण्यापेक्षां शांत झोंप व रोजच्या ओळखीची दाई यांचें महत्त्व अधिक. निजलेलें मूल मध्यरात्रीं उचलून नेऊं नये. मुलें थोडीं असलीं तरी सांभाळणाऱ्या दोघी हव्यातच. म्हणून हा खर्च एकट्या मालकास वा आईबापांस पेलत नाहीं. एका विभागांतील रुग्णालय, ठाणें व आगार यांनीं मिळून एक घर चालवावें, नगरपालिकेनें जागा द्यावी, आणि मालक नसलेल्या आयांनाही तें खुलें असावें.

आपल्या घरीं अपरात्रीं कोणी आजारी पडलें, तर रुग्णालयांत दिवा जळत असतो. त्या दिव्याखालीं जागणाऱ्या आईचें मूल कोठें निजलें आहे, एवढें विचारण्याइतकें ऋण आपल्यावर खास आहे.