परदेशी मदत: 'वाटतात' म्हणजे नेमकं काय?

अळणावरहून धारवाडला जाताना गाडीत बातम्यांवर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आपल्या रस्त्यांना पैसा नाही, आणि दिल्ली परक्या देशांना वाटत सुटलीय." त्यामागची चीड खरी आहे. पण 'वाटत' हा शब्द चुकतो.

सेनेगलचं उदाहरण घ्या. शेतीच्या सिंचनासाठी भारताने त्या देशाला २ कोटी ७० लाख डॉलरचं कर्ज दिलं. त्यातून तिकडे पंप गेले ते किर्लोस्कर ब्रदर्सचे. या कंपनीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचं जन्मगाव गुर्लहोसूर आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातलं. अशी कर्जं मुंबईची एक्झिम बँक देते. साधारण अट अशी की किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायच्या. म्हणजे कर्जदार देशाच्या हाती रोकड पडत नाही. बँक इथल्या पुरवठादाराला पैसे चुकते करते आणि तो देश ते व्याजासह हप्त्यांनी फेडतो.

मग आपल्याला काहीच तोशीस नाही, असं समजणाराही फसतो. बँक हा पैसा बाजारातून उभा करते आणि सवलतीच्या दराने पुढे देते. व्याजातला फरक केंद्र सरकार सोसतं, शिवाय परतफेडीची हमीही देतं. हप्ते थकले तर भार शेवटी करदात्यावर. म्हणून कंत्राट कुणाला मिळालं, कोणत्या दराने मिळालं आणि पंप आजही पाणी ओढतात का, हे प्रश्न विचारायलाच हवेत. 'का देता?' या प्रश्नापेक्षा मला ते जास्त मोलाचे वाटतात.

अनुदानही दिलं जातं, पण मोजून. भारतीय मदतीत सर्वात मोठा वाटा भूतानचा. २०२४-२५च्या अर्थसंकल्पात त्याच्यासाठी अनुदान आणि कर्ज मिळून सुमारे २,०६८ कोटी रुपये होते. एकूण अर्थसंकल्प ४८ लाख कोटींचा. दहा हजारांतले सव्वाचार रुपये! तिथला ३३६ मेगावॉटचा चुखा जलविद्युत प्रकल्प भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन उभारला, आणि भूतानची जास्तीची वीज भारतच विकत घेतो.

देणारे देश वेगळे आणि घेणारे वेगळे, हाही एक समज. भारताने १९६४ साली इतर देशांतल्या लोकांना प्रशिक्षण देणारा 'आयटेक' कार्यक्रम सुरू केला, तेव्हा आपल्या रेशनवर पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली आलेला गहू होता. आजही आपण देतो तसे घेतोही. धारवाडला उतरून हुबळीसाठी आपण ज्या चिगरी बसमध्ये चढतो, तिच्या स्वतंत्र मार्गाच्या उभारणीत जागतिक बँकेचा पैसा आहे.